खारा वाफा

महिपतच्या डाव्या मनगटावर माझ्या दातांची खूण आहे, आणि ती मी अगदी मनापासून उमटवलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकताना मी बिचारी होते, माझ्यावर वेळच तशी आली, असलं काही कुणी मनात आणू नये. राग माझ्या नाकावर असतो. लहानपणापासून माझा हात आधी उठतो आणि तोंड नंतर उघडतं. नवरा जहाजावर असतो, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. हर्षद म्हणतो, वादळाची सवय झाली, घरी यायचीच भीती वाटते. हसत म्हणतो, पण म्हणतो.

दातांची खूण जानेवारीतली. रत्नागिरीत समुद्राला लागून फिरायचा नवा रस्ता झाला, त्याच्या भिंतीलगत दीड किलोमीटर फुलझाडं लावायची होती. दोन वर्षं लावली आणि दोन्ही वर्षं मेली. घाटावरून ट्रक भरून आणलेली गुबगुबीत जास्वंद, झेंडू, कसली कसली विलायती फुलं. खारा वारा लागला की आठ दिवसांत पानांच्या कडा करपायच्या आणि पंधराव्या दिवशी नुसत्या काड्या उरायच्या. शेवटी बागेच्या कामाच्या साहेबांनी शहाणपणा केला. म्हणाले, आता परीक्षाच घेतो. इथल्या दोन नर्सऱ्यांना पन्नास-पन्नास मीटरचा वाफा देतो. जानेवारीत लावा, मेअखेर मी बघायला येतो. ज्याचा वाफा फुललेला असेल त्याला सगळा रस्ता.

एक नर्सरी माझी, शहराबाहेर कातळावर. दुसरी महिपतची, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर.

महिपत म्हणजे कलमं बांधणारा माणूस. आंबा म्हणा, काजू म्हणा, त्याने बांधलेल्या शंभर कलमांतली पंच्याण्णव लागायची. चाकू अंगठ्यावर टेकवून तो काडीला एकच काप द्यायचा, दुसऱ्यांदा पातं लावायची गरज पडायची नाही. लोक गाड्या करून त्याच्याकडे यायचे. मी त्याची वैरीण असून हे सांगते आहे, तेव्हा खोटं नाही.

माझ्याकडे असले हात नव्हते. माझ्याकडे सदाफुली होती. पहिल्या वर्षी रस्त्यावरची सगळी फुलझाडं मेली तेव्हा भिंतीच्या फटीत सदाफुलीची तीन रोपं तग धरून होती. कुणी लावलेलीही नव्हती. मी त्यांचं बी धरलं. त्या बियांची रोपं केली आणि त्यांना खाडीचं पाणी पाजायला लागले. आधी बादलीभर गोड्या पाण्यात एक तांब्या, पुढच्या आठवड्यात दोन, मग निम्मं निम्मं. जी मेली ती मेली. जी उरली त्यांचं पुन्हा बी. अशा चार पिढ्या काढल्या. लोक म्हणायचे, राजश्रीचं डोकं फिरलं, फुलांना खारं पाणी पाजते. म्हणू देत. मला तो रस्ता हवा होता. दीड किलोमीटर माझी सदाफुली समुद्राच्या नाकावर टिच्चून फुललेली मला बघायची होती, आणि हसणाऱ्या प्रत्येकाला तिथून फिरायला लावायचं होतं.

तर जानेवारीत दोघांनी एकाच दिवशी लागवड काढली. दोन वाफ्यांच्या मध्ये दोरी बांधलेली होती. मी चहा घेऊन येईपर्यंत दोरी दोन हात माझ्या बाजूला सरकली होती आणि तिथे महिपतची कण्हेर उभी होती. मी चहा खाली ठेवला. सात कण्हेरी उपटल्या आणि भिंतीवरून समुद्रात फेकल्या. आठवीला हात घातला तेव्हा महिपतने माझा हात मागे पिरगाळला आणि माझं तोंड वाळूत दाबलं. नाकातोंडात वाळू गेली. मान वळवता आली तेवढी वळवली, समोर त्याचं मनगट होतं, ते धरलं दातांत. सोडवायला चार माणसं लागली. माझ्या तोंडातलं रक्त त्याचं होतं आणि नाकातलं माझं. दोरी मात्र पुन्हा जागेवर आली.

तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. तो त्याच्या वाफ्याला पाणी घालायचा, मी माझ्या.

त्याच महिन्यात बाबा माझ्याकडे राहायला आले. माझे वडील भागोजी, वय चौऱ्याहत्तर. आंजर्ल्याच्या खालच्या अंगाला आमची वाडी होती, तिथे तीस माड त्यांनी हाताने लावून वाढवले. गुडघे गेले, माडावर नजर ठेवायला कुणी उरलं नाही, तेव्हा धाकट्या काकाच्या स्वाधीन करून आले. इथे त्यांना करायला काही नाही. सकाळी उठून समुद्रावर जायचं, माझ्या वाफ्याजवळ बसायचं, पानं चाचपायची. नर्सरीत आले की मी खाडीचं पाणी मापून घालत असायची, ते शेजारी उभे राहून बघायचे.

"बाय, हे खारं पानी कशाला गो?"

"बाबा, तुम्ही मध्ये लुडबुड करू नका. बाजूला व्हा, ट्रे सांडाल."

एवढंच. एकदा नाही, पन्नासदा विचारलं असेल त्यांनी, आणि पन्नासदा मी हेच उत्तर दिलं. पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आज स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

मे उजाडला तेव्हा माझा वाफा बघण्यासारखा झाला होता. वारा असा सुटलेला की भरतीला तुषार रस्ता ओलांडून जायचे. महिपतची कण्हेर उभी होती, पण फुलं तुरळक. त्याची बोगनवेल वाऱ्याने झोडपून भिंतीला चिकटली होती. माझ्या दोनशे सदाफुली गुडघाभर, पांढऱ्या-गुलाबी, पान दिसू नये इतक्या फुललेल्या. फिरायला येणारे त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. साहेबांच्या येण्याला आठवडा उरला होता. महिपत रोज माझ्या वाफ्याकडे बघायचा आणि थुंकायचा. मला गुदगुल्या व्हायच्या.

मंगळवारी बाबा देवरूखला माझ्या बहिणीकडे गेले. बुधवारी संध्याकाळी मला वाफा जरा मलूल वाटला. म्हटलं, ऊन कडक आहे, आणि दुप्पट पाणी सोडलं. गुरुवारी सकाळी गेले तर दोनशे रोपांनी माना टाकल्या होत्या. पानं कडेने तपकिरी, खालची गळून पडलेली. दोन दिवसांत. वाऱ्याने असं होत नाही. वारा समुद्राकडची बाजू आधी जाळतो, ही चहूबाजूंनी गेली होती.

मी गुडघ्यावर बसले. बुंध्याशी सोडणाचा, नारळाच्या सालीचा, भुसा पसरलेला होता, तो हाताने बाजूला केला. खाली खडे होते. पाण्याने झिजून बारीक झालेले, पण खडे. जिभेवर ठेवला. मीठ. दुसरं रोप, तिसरं, दहावं. प्रत्येकाच्या बुंध्याशी आळं करून नीट घातलेलं मीठ, वर पुन्हा भुसा सारखा केलेला. आणि काल मी स्वतः दुप्पट पाणी सोडून ते मुळांपर्यंत पोचवलं होतं.

उठून दोरी ओलांडली आणि महिपतच्या वाफ्यातला भुसा उकरला. तिथे एक खडा नव्हता.

मग मला कशाचा विचार करायचा होता? तुम्ही केला असतात?

स्कूटरच्या डिकीत कोयती होती. महिपतच्या नर्सरीपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. तो शेडनेटखाली लाकडाच्या ओंडक्यासमोर बसून काजूची कलमं बांधत होता. ओंडक्यावर काड्या, प्लास्टिकच्या पट्ट्या, मांडीवर फडकं. बायको राही मागे पिशव्या भरत होती. त्याने मान वर केली आणि हसला.

"काय गो राजश्री? पानं गळली वाटतं तुजी?"

सकाळी पाणी घालायला तो गेला होता, येता-येता त्याने वाफा बघितला होता, एवढाच त्याचा अर्थ. हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त हसणं दिसलं. मी कोयती डोक्यावर नेली. त्याने तोंड वाचवायला उजवा हात वर केला, मी हाणली, तो मागे कलंडला, हात ओंडक्यावर आपटला आणि मी दुसऱ्यांदा हाणली. पहिला घाव तळव्यावर बसला होता. दुसरा अंगठ्याच्या बुडाशी. तर्जनीही गेली. कोयती लाकडात रुतून बसली आणि मला ती उपटेना.

महिपत ओरडला नाही. हाताकडे बघत राहिला. मग डाव्या हाताने कलमाचा चाकू उचलला आणि माझ्या मांडीत घातला. तेवढ्यात राहीने मागून माझे केस धरले. तिने मला फरफटत शेडनेटबाहेर नेलं, डोकं चिऱ्याच्या बांधावर आपटलं, एकदा, दोनदा, आणि प्रत्येक वेळी एकच विचारत होती, "काय केलान् तुजं? काय केलान् माज्या मानसानं?" माझे पुढचे दोन दात तिथेच पडले. मी तोंडातलं रक्त थुंकून ओरडले, "मीठ घातलंन् माझ्या वाफ्यात! मीठ घातलंन्!" गोळा झालेल्या लोकांनी हे ऐकलं. पुढे सगळ्या गावाने तेच ऐकलं.

अंगठा आणि बोट मातीत सापडलं. कुणीतरी बंदरावर पळत जाऊन मासळीचा बर्फ आणला, पिशवीत घातलं आणि त्याला कोल्हापूरला नेला. घाट चढून पोचेपर्यंत वेळ गेला. डॉक्टर म्हणाले, माती गेलीय आत, चेचलंय, जोडता येणार नाही.

मी दोन रात्री कोठडीत होते. मांडीला टाके, तोंड सुजलेलं. शनिवारी जामीन झाला. खरं सांगू? मला वाईट वाटत नव्हतं. अंगठ्याचं ऐकल्यावरही राग होताच. दोन वर्षं. चार पिढ्या. आणि कोर्टाबाहेर माणसं माझ्या बाजूने होती. ओळखीपाळखीचे फोन येत होते. बाईच्या जातीने एकटीने एवढं उभं केलं आणि त्या मेल्याने मीठ टाकलं, हात तुटला ते बरंच झालं, असं लोक तोंडावर म्हणत होते. महिपतच्या नर्सरीच्या फाटकावर कुणीतरी मिठाच्या पुड्या फोडल्या. पोलीसही त्याच्यावर गुन्हा लावायच्या बेतात होते. रविवारी साहेबांचा फोन आला. म्हणाले, "तुमच्या केसचं कोर्ट बघेल. पण परीक्षेत विष कालवणाऱ्याला मी काम देणार नाही. बुधवारी येतो. वाफ्यात चार रोपं जिवंत दाखवलीत तरी रस्ता तुमचा."

रस्ता माझा. फोन ठेवला आणि दात नसलेल्या तोंडाने मी हसले.

सोमवारी दुपारच्या एसटीने बाबा आले. देवरूखला बहिणीला मी बजावलं होतं, त्यांना काही सांगू नकोस. माझं तोंड बघून ते दारातच थांबले.

"पडलंस काय गो?"

"स्कूटरवरून. बसा. पाणी आणते."

ते बसले. पिशवीतून फणसाचे पापड काढून ठेवले. पाणी प्यायले, मिशी पुसली आणि खुशीत मला म्हणाले, "बाय, तुज्या फुलांनी जोर धरला मा? जायच्या दिवशी घातलंय मी मीठ त्यांना. समद्यांना. मूठ मूठ, आळं करून. तीन पिशव्या लागल्या."

माझ्या हातात रिकामा तांब्या होता, तो मी खाली ठेवला.

"माडाला आमी घालतो नाय का दरसाल? माडाला मीठ लागतं. आनि तू खारं पानी घालतंस तेवाच मी वळखलं, ही फुलं पन माडाच्या जातीची. तुला सारखं वाकून वाकून तांब्या तांब्या घालावं लागतं. म्हटलं एकदाच पोटभर घालून टाकू. साहेब येनार, मोप फुलली पायजेत."

मी त्यांचा सदरा गळ्याशी धरला आणि त्यांना भिंतीवर आपटलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माझा बाप. त्यांचं डोकं खुंटीला लागलं. दुसऱ्यांदा आपटणार होते, तोच त्यांच्या डोळ्यात भीती दिसली. माझी भीती. माझ्या बापाला माझी भीती वाटली. मी हात सोडला.

मग सगळं सांगितलं. त्यांच्या मिठाने काय झालं आणि माझ्या कोयतीने काय झालं. ते खाली बसले. बराच वेळ जमिनीवरून हात फिरवत होते.

"उजवा?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"कलमं बांधतो तो हात?"

"हो."

ते उठले आणि चपला शोधायला लागले. "चल. सांगून येव."

"कुठे?"

"म्हंजे? पोलिसांत. त्या मानसाकडं. गाव त्याच्या नावानं थुंकतंय आनि मीठ माजं."

मी दारात आडवी झाले. आज ते शब्द सांगतानाही माझ्या जिभेला घाण वाटते, पण म्हणाले ते म्हणाले. म्हटलं, "बाबा, अंगठा काही परत येत नाही. त्याला शिक्षा व्हायची ती होऊन गेली. परवा रस्ता माझा होतोय. तुम्ही तोंड उघडलंत तर मी जेलात जाईन आणि रस्ता त्याला मिळेल. तुम्हाला तेच हवंय?"

"व्हय," ते म्हणाले.

मी त्यांना आत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

ते खिडकीत गेले. आमची खिडकी वाटेवर उघडते. संध्याकाळची वर्दळ होती. गज धरून ते ओरडायला लागले, "मीठ मी घातलं! आयकलंत काय? महिपतानं नाय घातलं! मी, भागोजीनं घातलं!" माणसं थांबली. शेजारच्या दोघी फाटकाशी आल्या. मी पायरीवर उभी होते, आणि माझ्या तोंडातून इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं.

"लक्ष देऊ नका हो. वयामुळे डोकं ठिकाणावर नाही त्यांचं. माझी ही अवस्था बघून आणखीनच बिघडलंय. लेकीला वाचवायला बघतात."

"आई गं," एक म्हणाली. "बापाचं काळीज." दुसरीने डोळ्यांना पदर लावला. माणसं पुढे गेली.

खिडकीतला आवाज बंद झाला. बाबांनी ते ऐकलं होतं. मी कडी काढून आत गेले तेव्हा ते गजाला धरूनच उभे होते. त्यांनी मला शिवी द्यावी, मारावं, काहीतरी करावं म्हणून मी समोर जाऊन थांबले. ते बाजूने निघून गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. जेवले नाहीत. पाणी दिलं, घेतलं नाही. मी "बाबा" म्हटलं, ओ दिली नाही. मी महिपतचा हात तोडला होता, पण तो रागात. बापाला वेडा ठरवताना मला राग नव्हता. शांत डोक्याने केलं ते. त्याची मला किळस आली.

मंगळवारी सकाळी वाफ्यावर गेले. साहेबांना दाखवायला चार जिवंत रोपं शोधायची होती. मेलेली उपटत गेले. पन्नास, शंभर, दीडशे. मुळं कुजून काळी पडली होती. आणि मध्येच एक हाताला घट्ट लागलं. पानं निम्मी गेलेली, पण शेंडा हिरवा, वर दोन फुलं, खाली कोवळ्या शेंगा. पुढे आणखी एक. एकूण अकरा निघाली. मूठभर मीठ मुळाशी पचवून अकरा रोपं उभी होती. दोन वर्षं मी जे शोधत होते ते हेच. तांब्या-तांब्याने मापून मला ते आणखी दहा वर्षांत मिळालं नसतं.

मला आनंद झाला. खरंच झाला, आणि तो झाल्याबरोबर मी वाफ्यातच मटकन बसले आणि मोठ्याने रडले. फिरायला आलेली माणसं बघत होती.

घरी गेले आणि म्हटलं, "बाबा, चला. सांगून येऊ." ते उठले, चपला घातल्या आणि माझ्यापुढे चालायला लागले.

महिपतला आदल्या संध्याकाळी कोल्हापूरहून घरी आणला होता. तो ओटीवर खुर्चीत बसला होता, हात गळ्यात, कोपरापर्यंत पांढरं बांधलेलं. राही चुलीपाशी होती. मला बघताच जळाऊ लाकडांतलं एक उचलून धावत आली. पहिला रट्टा खांद्यावर बसला, दुसरा कपाळावर. मी हात वर केले नाहीत. बाबा मध्ये पडायला गेले, त्यांना मी बाजूला सारलं.

"राहीवहिनी, मारा. पण आधी ऐका. मीठ ह्यांनी नाही घातलं. माझ्या बाबांनी घातलं."

ती थांबली. माझ्या कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं. बाबा पुढे गेले आणि ओटीखाली हात जोडून उभे राहिले.

"मी घातलं रे. माडाला घालतो तसं. मला वाटलं फुलतील."

महिपत त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावरचे स्नायू हलत होते. मग तो हसायला लागला, ते हसणं ऐकवत नव्हतं. "माडाला," तो म्हणाला. "माडाला घालतात तसं." राहीच्या हातातलं लाकूड पडलं आणि ती अंगणात बसली.

"मी आता पोलिसांत जातेय," मी म्हणाले. "सगळं लिहून देते. साहेबांनाही कळवते. रस्ता तुमचा."

"हां, माजाच," तो म्हणाला. हसणं संपलं होतं. "जेलात जाशील तू. बरी चार-पाच वर्षं जाशील. मी हजर राहीन दर तारखेला."  मग त्याने विचारलं, "जगलं काय त्यातलं?"

माझी मान वर झाली. तो वैरी म्हणून विचारत नव्हता. रोपं वाढवणारा माणूस म्हणून विचारत होता.

"अकरा."

"अकरा!" तो खुर्चीत पुढे झाला. "मूठभर मिठात? मुळात?"

"मुळात. फुलं पण आहेत. शेंगा धरल्यात."

"ती पन माजी मग."

"तुमचीच."

"बी धरायला कधी व्हईल?"

"आठ-दहा दिवसांत. शेंग पिवळट झाली की लगेच घ्यायची. एक दिवस उशीर झाला की फुटते आणि बी वाऱ्यावर जातं. शेंग बारीक असते, ओढली तर फांदी मोडते. हलकेच चिमटीत धरून..."

"अशी?" तो म्हणाला, आणि ऐकण्याच्या भरात त्याने बांधलेला उजवा हात झोळीतून बाहेर काढून समोर धरला, शेंग खुडून दाखवायला.

तो हात तिथेच राहिला. आम्ही चौघंही त्याच्याकडे बघत होतो. महिपतने आधी नुसता श्वास घेतला, आणि मग त्याच्या घशातून जी किंकाळी निघाली ती मी अजून ऐकते.

राही उठली. तिने त्याचा हात धरला आणि सावकाश खाली केला.

"मी खुडीन," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जा आता पोलिसांत."

मी गेले.